हॉल्टनची पगारी उमेदवारी

आकाशांतून विमान जाऊं लागलें कीं पाहणाराची दृष्टि सहजच वैमानिकाकडे वळते. त्याचें धाडस, त्याची तीक्ष्ण नजर, त्याचें प्रसंगावधान यांची वाखाणणी होते, आणि ती योग्यहि आहे. परंतु ज्या माणसानें पहांटेच्या अंधारांत त्या विमानाच्या एंजिनांतील एकेक नट तपासला, तेलाच्या नळ्या हातानें चांचपून पाहिल्या आणि शेवटीं एका कागदावर आपली सही केली, तो त्या वेळीं जमिनीवरच उभा असतो. त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. मोटार वाटेंत बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला लावून दुरुस्त करितां येते. आगगाडीचें एंजिन बिघडलें तर दुसरें मागवितां येतें. आकाशाला मात्र कडा नाहीं. तेथें बिघाड झाल्यावर दुरुस्ती करण्यास अवसर नसतो. बिघाड होण्यापूर्वींच तो ओळखावा लागतो. हें ओळखण्याचें काम ज्याचें, तो विमानाचा कारागीर.

हा कारागीर घडतो कसा, या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास इतिहासांतील एका मोठ्या प्रयोगाकडे वळावें लागतें. तो प्रयोग इंग्लंडांत पहिल्या महायुद्धानंतर झाला. पंधरा-सोळा वर्षांच्या गरीब मुलांना पगार देऊन विमानविद्या शिकवावयाची, असें त्याचें स्वरूप होतें.

विमानाच्या जन्मकाळीं अशी शाळा कोठेंच नव्हती. अमेरिकेंत डेटन या गांवीं राइट बंधूंचें सायकलींचें दुकान होतें. त्या दुकानांत चार्ल्स टेलर नांवाचा एक कारागीर ताशीं तीस सेंट मजुरीवर कामाला होता. राइट बंधूंना हवें तसें हलकें एंजिन कोणीहि कारखानदार करून देईना, तेव्हां या टेलरनें दुकानांतील लेथ व भोकें पाडण्याचें यंत्र एवढ्याच साधनांनिशीं सुमारें सहा आठवड्यांत तें तयार केलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉकच्या वाळूवरून जें विमान उडालें, त्याचें हृदय टेलरच्या हातचें होतें. पुढील दहा-बारा वर्षें विमानाचे कारागीर असेच निपजत गेले. कोणी सायकलवाला, कोणी सुतार, कोणी मोटारीचा मेकॅनिक. ज्याच्या हातांत कसब होतें तो या नव्या यंत्राकडे वळला आणि चुकत माकत शिकला.

१९१४ च्या महायुद्धानें ही स्थिति पालटली. विमानें शेंकड्यांनीं व नंतर हजारांनीं लागूं लागलीं. १ एप्रिल १९१८ रोजीं ब्रिटनचें स्वतंत्र हवाई दल स्थापन झालें आणि युद्ध संपलें त्या वेळीं त्याच्यापाशीं सुमारें २२ हजार विमानें व जवळजवळ ३ लक्ष माणसें होतीं. परंतु शांतता होतांच माणसें घरोघरीं परतलीं आणि थोड्याच काळांत या दलाचा सुमारें दशांश भाग उरला. युद्धाच्या घाईंत शिकलेले उत्तम कारागीर कारखान्यांत निघून गेले; कारण तेथें मजुरी अधिक होती आणि कवाईत नव्हती. विमानें होतीं, पण त्यांना निगुतीनें सांभाळणारे हात नव्हते.

या पेंचांतून वाट काढण्याची जबाबदारी हवाई दलाचे प्रमुख सर ह्यू ट्रेंचर्ड यांच्यावर आली. ट्रेंचर्ड यांची स्वतःची कहाणी या ठिकाणीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. ते सोळा वर्षांचे असतांना त्यांच्या वडिलांचें दिवाळें निघालें. सैन्यांत शिरण्याच्या परीक्षांत ते एकदां नव्हे, अनेकदां नापास झाले. पुढें तरुण अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानांतहि येऊन गेले होते. असा हा मनुष्य १९१९ च्या अखेरीस हवाई दलाच्या कायमच्या रचनेची योजना मांडतो, आणि त्या योजनेंत पैशाची सर्वत्र काटकसर करीत असतांना शिक्षणावर मात्र हात आंखडत नाहीं. विमानांच्या तुकड्या थोड्या असल्या तरी चालतील, पण पाया पक्का पाहिजे, हें त्यांच्या योजनेचें सूत्र होतें. अधिकाऱ्यांसाठीं क्रॅनवेल येथें महाविद्यालय, आणि कारागिरांसाठीं मुलांची उमेदवारी, असे त्या पायाचे दोन मुख्य चिरे होते. बाहेरून कारागीर मिळत नाहींत, तर ते आपणच घडवावे, असा हा सरळ विचार होता.

उमेदवारीची चाल इंग्लंडांत फार जुनी. १५६३ च्या एका कायद्यानें धंद्यांत शिरण्यापूर्वीं सात वर्षांची उमेदवारी आवश्यक ठरविली होती आणि तीं कलमें १८१४ सालीं रद्द होईपर्यंत टिकलीं. करारपत्र होई, त्यावर बाप सही करी, आणि पुष्कळ धंद्यांत मुलाला हाताखालीं घेण्याबद्दल उस्तादाला आरंभींच कांहीं रक्कम मोजावी लागे. कायदा गेला तरी रीत उरली. त्यामुळें ज्या बापापाशीं ती रक्कम नसे, किंवा ज्याला मुलाच्या रोजच्या मजुरीवांचून चूल पेटविणें कठीण जाई, त्याच्या मुलाला चांगलें कसब दुर्लभच होतें. त्याची बुद्धि कितीहि तल्लख असली तरी तो गिरणींत, खाणींत किंवा दुकानांत निरोप्या म्हणून जाई. महाराष्ट्रांतील कित्येक बुद्धिमान पण निर्धन मुलांच्या वांट्यासहि हेंच आलेलें आहे, हें निराळें सांगावयास नको.

ट्रेंचर्ड यांनीं हा व्यवहार उलटा केला. मुलानें उस्तादाला पैसे द्यावयाचे नाहींत. सरकारनेंच मुलाला अन्न, वस्त्र, निवारा, विद्या आणि वर पगार द्यावयाचा. पगार मोठा नव्हता. पहिल्या वर्षीं तो दिवसाला एका शिलिंगाच्या आसपास होता, आणि त्यांतीलहि कांहीं भागच दर आठवड्यास हातीं पडे. उरलेला सुटींत घरीं जातांना मिळावा म्हणून राखून ठेवीत. परंतु त्या एका शिलिंगाचा अर्थ मोठा होता. शिकणें हेंहि काम आहे, असें त्यानें मुलाला सांगितलें. आणि मुलगा आतां आपल्यावर भार राहिला नाहीं, हें त्यानें बापाला सांगितलें.

प्रवेश स्पर्धापरीक्षेनें होई. गणित, इंग्रजी व शास्त्र हे विषय असत. शाळाशाळांतून मुलांचीं नांवें येत आणि गुणानुक्रमानें निवड होई. वशिला किंवा बापाची पुंजी यांना तेथें वाव नव्हता. मात्र या पगाराच्या मोबदल्यांत घेतलें जाणारें मोलहि हलकें नव्हतें. तीन वर्षांचें शिक्षण पुरें झाल्यावर, वयाच्या अठराव्या वर्षापासून पुढें दीर्घ काळ, पुढील नियमाप्रमाणें बारा वर्षें, हवाई दलाची चाकरी करण्यास मुलगा बांधला जाई. पंधराव्या वर्षीं केलेल्या सहीनें तिसाव्या वर्षापर्यंतचें आयुष्य ठरून जावें, हा सौदा लहान म्हणतां येणार नाहीं. बापाची संमति घेतली जाई. पण बारा वर्षें म्हणजे किती, हें त्या कोंवळ्या वयांत कोणास कळणार?

पहिल्या तुकड्या १९२० पासून क्रॅनवेल येथें शिकूं लागल्या. कारण मुख्य जागा तयार व्हावयाची होती. ही मुख्य जागा म्हणजे लंडनच्या वायव्येस बकिंगहॅमशायर परगण्यांत, चिल्टर्न टेंकड्यांच्या पायथ्याशीं असलेलें हॉल्टन. तेथें आल्फ्रेड रॉथ्सचाइल्ड या धनाढ्य सावकाराचा वाडा व जमीनजुमला होता. युद्धकाळांत त्यानें तो सैन्याच्या उपयोगासाठीं दिला होता. युद्ध चालू असतांनाच तेथें मोठमोठे कर्मशाळांचे मांडव उठले, आणि ते उभारण्याच्या कामीं जर्मन युद्धकैद्यांचे हात लागले होते. १९१८ मध्यें रॉथ्सचाइल्ड वारल्यावर ती मिळकत सरकारनें विकत घेतली. वाड्यांत अधिकाऱ्यांचें भोजनगृह झालें, बागांच्या आसपास बराकी उभ्या राहिल्या आणि १९२२ च्या आरंभीं उमेदवारांची पहिली मोठी तुकडी तेथें दाखल झाली.

तेथील दिनक्रम कडक होता. पहांटे बिगूल वाजे. अंथरुणाच्या घड्या काटकोनांत, बुटांना आरशासारखी झिलई, आणि मग बँडच्या तालावर कर्मशाळेपर्यंत पायीं संचलन. विमानाचें दर्शन मात्र लौकर होत नसे. पहिले कित्येक महिने मुलगा एका बांकापुढें उभा राही. त्याच्यापुढें शेगड्यांत घट्ट धरलेला लोखंडाचा तुकडा, हातांत छिन्नी, हातोडी व कानस. त्या ओबडधोबड तुकड्यांतून चारहि बाजू अचूक काटकोनांत असलेला ठोकळा काढावयाचा, आणि त्याच मापाचें भोंक पाडलेल्या दुसऱ्या पत्र्यांत तो असा बसवावयाचा कीं मधून उजेडाची रेघहि दिसूं नये. माप इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत तपासलें जाई. हातोडी चुकली तर बोट ठेंचे. कानस चुकली तर आठवड्याचें काम फुकट जाई. यंत्रावर क्षणांत होणारें काम मुलांकडून हातानें कां करवून घ्यावें, अशी शंका श्रोत्यांच्या मनांत येईल. त्याचें कारण असें कीं, ठोकळा हा केवळ निमित्त होता. घडवावयाचा होता तो मुलाचा हात आणि त्याची नजर. धातु कोठें दबतो, कोठें तडकतो, ‘जवळजवळ बरोबर’ आणि ‘बरोबर’ यांत अंतर किती, हें पुस्तकांतून कळत नाहीं. तें बोटांनाच कळावें लागतें.

त्यानंतर धंद्याप्रमाणें वाटा फुटत. कोणी एंजिनाचा फिटर होई. तो एंजिन पूर्ण सुटें करी, प्रत्येक भाग धुऊन मापी आणि पुन्हां जुळवून सुरू करून दाखवी. कोणी विमानाच्या सांगाड्याचा कारागीर होई. आरंभींच्या काळीं विमानें लांकडाचीं व कापडाचीं असत. म्हणून त्याला सुतारकाम, कापड ताणून शिवणें, त्यावर रोगण चढविणें, तारा गुंफणें व त्या योग्य ताणावर बसविणें हें सारें शिकावें लागे. पुढें १९३० नंतर धातूचीं विमानें आलीं, तसा हा पाठहि बदलत गेला. परंतु या सर्वांच्या जोडीला आठवड्यांतील कांहीं भाग शाळेचा असे. गणित, यंत्रशास्त्र, पदार्थविज्ञान, आराखड्याचें रेखाटन हे विषय पदवीधर शिक्षक शिकवीत. हात आणि डोकें एकाच माणसांत असावीं, हा या शाळेचा आग्रह होता. आणि इतर कारखान्यांच्या उमेदवारीपेक्षां ती निराळी ठरली ती यामुळेंच.

उमेदवारांच्या डाव्या बाहीवर एका कड्यांत बसविलेल्या चार पात्यांच्या पंख्याचें पितळी चिन्ह असे. मोठीं माणसें या मुलांना हिणवून ‘ट्रेंचर्डचीं कार्टीं’ म्हणत. मुलांनीं ती शिवी बिरुदासारखी मिरविली, आणि पुढें ती खरोखरच बिरुद झाली.

या कार्ट्यांपैकीं एकाची गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. कव्हेंट्री गांवच्या एका कारागिराचा मुलगा फ्रँक व्हिटल हा जानेवारी १९२३ मध्यें परीक्षा उत्तीर्ण होऊन आला. परंतु त्याची उंची अवघी पांच फूट भरली. त्याला परत धाडण्यांत आलें. तेथील एका व्यायामशिक्षकाला त्याची कींव आली आणि त्यानें कोणता आहार घ्यावा, कोणता व्यायाम करावा हें लिहून दिलें. सहा महिन्यांत मुलगा तीन इंच वाढला. तरीहि, एकदां नाकारलेल्याला पुन्हां घेतां येत नाहीं, या नियमावर बोट ठेवून त्याला दुसऱ्यांदां नाकारलें. तेव्हां त्यानें पहिल्या अर्जाचा उल्लेखच न करितां, जणूं प्रथमच येत आहोंत अशा रीतीनें, पुन्हां अर्ज केला. पुन्हां परीक्षा दिली. आणि सप्टेंबर १९२३ मध्यें तो क्रॅनवेल येथील उमेदवारांच्या शाळेंत दाखल झाला.

कवाईत त्याला आवडेना. पळून जावें असेंहि त्याच्या मनांत येई. परंतु विमानांच्या प्रतिकृति करण्यांत त्याचा हात असा चाले कीं वरिष्ठांची नजर त्याच्यावर गेली. दर तुकडींतील मोजक्या उत्तम उमेदवारांना अधिकारी होण्यासाठीं क्रॅनवेलच्या महाविद्यालयांत पाठविण्याची तरतूद ट्रेंचर्ड यांनीं ठेविली होती. १९२६ मध्यें व्हिटलची निवड तीत झाली. १९२८ मध्यें, एकवीस वर्षांच्या वयांत, त्यानें विमानांच्या भावी प्रगतीवर निबंध लिहिला, आणि जानेवारी १९३० मध्यें पंख्यावांचून चालणाऱ्या जेट एंजिनाच्या पेटंटसाठीं अर्ज केला. सरकारी खात्यानें त्याची उपेक्षा केली. १९३५ मध्यें पेटंट चालू ठेवण्यासाठीं लागणारे पांच पौंड भरण्याचें सामर्थ्य त्याला नव्हतें, खात्यानेंहि ते भरले नाहींत, आणि पेटंट रद्द झालें. तरीहि कांहीं मित्रांच्या साहाय्यानें १२ एप्रिल १९३७ रोजीं त्याचें एंजिन प्रथम चाललें. आणि १५ मे १९४१ रोजीं त्या एंजिनाचें विमान आकाशांत गेलें. तें उडालें क्रॅनवेलच्याच मैदानावरून, जेथें अठरा वर्षांपूर्वीं त्या बुटक्या मुलानें प्रथम हातीं कानस धरली होती.

सर्वांच्या कपाळीं असें यश लिहिलेलें नव्हतें. टॉमस ग्रे हा विल्टशायरमधील मुलगा १९२९ मध्यें, पंधराव्या वर्षीं, हॉल्टनला आला आणि एंजिनाचा फिटर झाला. पुढें त्यानें विमानांतून जाण्याचें काम पत्करलें. १२ मे १९४० रोजीं आल्बर्ट कालव्यावरील पूल उडविण्यासाठीं ज्या विमानानें झेप घेतली, त्यांत सार्जंट ग्रे होता. तीन माणसांचें तें विमान परत आलें नाहीं. वैमानिक गार्लंड व ग्रे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलाला मिळालेले ते पहिलेच. तिसरा तोफची रेनल्ड्स, त्याच विमानांत, त्याच क्षणीं मेला. त्याला पदक मिळालें नाहीं. सन्मानाचा प्रकाश किती अरुंद जागेवर पडतो, याचें हें एक उदाहरण होय.

१९४० च्या उन्हाळ्यांत ब्रिटनवर हवाई हल्ले होऊं लागले तेव्हां हॉल्टनच्या शिक्षणाची कसोटी लागली. परतलेलें विमान कांहीं मिनिटांत पुन्हां उड्डाणास सिद्ध करावें लागे. पेट्रोल, तेल, दारूगोळा, फाटलेला पत्रा, हें सर्व पाहून झाल्यावर ‘फॉर्म ७००’ नांवाच्या कागदावर प्रत्येक कारागिरानें आपापल्या कामाखालीं सही करावयाची आणि मग वैमानिकानें ती पाहून विमान ताब्यांत घ्यावयाचें, असा नियम होता. ती सही म्हणजे एका माणसानें दुसऱ्याच्या प्राणाबद्दल दिलेला शब्द असे. तीन वर्षें कानशीखालीं जें शिकविलें तें अखेर या सहीसाठींच.

हिंदुस्थानांत हा इतिहास निराळ्या वाटेनें गेला. १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिग रोड येथें हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली. चार वापिटी विमानें, सहा अधिकारी आणि एकोणीस ‘हवाई सिपाई’ एवढाच तो संसार होता. हिंदी माणसाला विमान चालवितां येईल काय, अशी शंका घेणारे राज्यकर्त्यांत पुष्कळ होते. आणि विमान सांभाळण्याची जबाबदारी हिंदी कारागिरावर टाकावी काय, ही शंका तर त्याहून मोठी होती. लाहोरच्या मॅक्लेगन कॉलेजांतून एंजिनिअरिंगची पदवी घेतलेले हरजिंदर सिंग हे या तुकडींत सिपाई म्हणून शिरले. इंग्लंडांत शाळकरी मुलाला घडवून कारागीर करीत होते. येथें घडलेल्या एंजिनिअराला सर्वांत खालच्या पायरीवरून सही करण्याचा अधिकार मिळवीत वर चढावें लागलें. १९४२ मध्यें ब्रह्मदेशांत टेहळणीसाठीं बांधलेल्या लायसँडर विमानांवर बाँब लटकविण्याची सोय करून मजुमदार यांच्या तुकडीनें शत्रूच्या विमानतळावर हल्ला केला. त्या तुकडींतील यंत्रकामाची धुरा हरजिंदर सिंग वाहत होते. पुढें ते एअर व्हाइस मार्शल झाले आणि कानपूर येथें त्यांच्या देखरेखीखालीं विमानेंहि बांधलीं गेलीं.

याच सुमारास, डिसेंबर १९४० मध्यें, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें बंगळूर येथें विमानांचा कारखाना काढला. युद्धकाळांत तेथें हजारों हिंदी कामगारांचे हात या विद्येला लागले. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या उमेदवारी कायद्यानें कारखान्यांनीं उमेदवार घ्यावे व त्यांना विद्यावेतन द्यावें, असें ठरलें. शिकणाऱ्याच्या हातावर मजुरी ठेवण्याचें तें तत्त्व अशा रीतीनें येथेंहि रुजलें.

हॉल्टन येथील उमेदवारी १९९३ मध्यें १५५ व्या तुकडीबरोबर संपली आणि तेथील तांत्रिक शिक्षण अन्यत्र गेलें. त्या ठिकाणच्या सेंट जॉर्ज चर्चमध्यें निरनिराळ्या तुकड्यांनीं आपल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ रंगीत कांचेच्या खिडक्या बसविल्या आहेत. त्या सोबत्यांत मोठ्या हुद्यास चढलेले आहेत, परत न आलेले आहेत, आणि बारा वर्षांची चाकरी पुरी करून मुकाट्यानें घरीं गेलेलेहि आहेत. पंधराव्या वर्षीं एका शिलिंगाच्या पगारावर ज्यांनीं आयुष्याचा करार केला, त्यांच्यापैकीं बहुतेकांचें कर्तृत्व कोणत्याहि इतिहासग्रंथांत लिहिलेलें नाहीं. तें जुन्या फॉर्मांवरील सह्यांत होतें. आणि त्या सह्यांवर भरंवसा ठेवून जे उडाले व सुखरूप खालीं उतरले, त्यांच्या आयुष्यांत होतें.